तानपुऱ्याचा पंचम, मेटलचं डिस्टॉर्शन आणि ४० हजारांचा हेडफोन

मी ध्वनीवर काम करतो म्हटल्यावर लोक दोनच गोष्टी विचारतात: डीजेचा आवाज कमी कसा करायचा, आणि मेटल ऐकायला कुठला हेडफोन घ्यायचा. पहिल्याचं उत्तर माझ्या हातात नाही. दुसऱ्याचं थोडंफार आहे. जेआरएफचे महिन्याला ३७ हजार मिळतात, त्यात ४० हजारांचा हेडफोन घ्यायचा तर तो नीट विचार करूनच घ्यावा.

आधी मेटलचा आवाज बनतो कसा ते बघू. त्यासाठी आमच्या औंधातच थांबू. अंतुबुवा जोशींनी १९४० मध्ये सुरू केलेला इथला संगीत महोत्सव ज्यांनी पुढे बसून ऐकलाय, त्यांना तानपुऱ्याची जवारी सांगायला नको. घोडीवर दोरा योग्य जागी सरकवला की तार घोडीच्या पृष्ठभागाला घासत कंप पावते आणि मूळ स्वरावर वरच्या स्वरांची अख्खी माळ उमटते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहून ठेवलंय. डिस्टॉर्शन तेच काम विजेने करतं. अँपला झेपणार नाही इतका सिग्नल दिला की लहरींचे शेंडे कापले जातात आणि नवीन स्वर तयार होतात.

पुढची गंमत पॉवर कॉर्डची. गिटारची सगळ्यात जाड तार ८२.४ हर्ट्झची, तिचा पंचम साधारण १२३.६. दोन्ही एकत्र डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या फरकाचा, म्हणजे ४१.२ हर्ट्झचा स्वरही तयार होतो. तो बरोबर एक सप्तक खाली! मिक्सिंगमध्ये तो बराचसा कापला जातो, पण ८२, १२३, १६५, २०६ अशी ४१ च्या पटीतली रांग शिल्लक राहते आणि मेंदू खालचा सा स्वतःच भरून घेतो. पंचमाऐवजी गांधार घेतला तर हीच रांग दाटीवाटीची होते आणि आवाज गढूळ वाटतो. म्हणून मेटलवाले सा-प सोडत नाहीत.

थोडक्यात, ८० ते ५,००० हर्ट्झपर्यंत गिटारने जागा ठासून भरलेली असते. त्याखाली बास आणि किक, वर झांजा. ख्यालात स्वरांच्या मध्ये मोकळी जागा असते, तिथे हेडफोनचे दोष लपून जातात. इथे लपत नाहीत. १०० ते २५० हर्ट्झला फुगवटा असेल तर डबल किकचा नुसता चिखल होतो. २०० बीपीएमला सोळाव्या मात्रांनी सेकंदाला तेराहून जास्त ठोके पडतात. दुकानदार याला हेडफोनचा ‘स्पीड’ म्हणतात, पण माझ्या मते बहुतेक वेळा दोष त्या फुगवट्याचाच असतो.

दुसरं टोक वरचं. सेनहायझरचा एचडी ८०० हा २००९ चा नावाजलेला आणि भलताच महाग हेडफोन. त्याला ६ हजार हर्ट्झच्या आसपास टोक आहे. तंतुवाद्यांना ते खुलवतं, पण मेटलच्या झांजा कानात टोचतात. त्याच कंपनीचा १९९७ चा एचडी ६०० त्यापेक्षा कितीतरी स्वस्त, आणि गिटार ऐकायला मला तोच बरा वाटतो. फक्त खालचा बास त्यात उतरत जातो. तो हवा असेल तर प्लेनार मॅग्नेटिक बघा, पण आधी वजन तपासा. ऑडिझीचा एलसीडी-२ अर्ध्या किलोच्या आसपास भरतो. मान तुमची आहे.

किंमत बघून निवडता येईल का? २०१७ मध्ये येरून ब्रीबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मोजमापं तपासली. किंमत आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स यांचा त्यांना काहीच संबंध सापडला नाही. जास्तीचे पैसे बांधणी, चामडं आणि नावाला जातात असं समजा. फुगवटा असो की टोक, फोनमधल्या पॅरामेट्रिक इक्वलायझरने ते फुकटात बरंच खाली आणता येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वरचे दोन्ही सेनहायझर ओपन-बॅक आहेत, बाहेरचा सगळा आवाज आत येतो. रात्री खोलीत उत्तम, पण औंध-पुणे एसटीत तेच लावले तर इंजिनावर मात करायला तुम्ही आवाज वाढवणारच. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी: ८९ ला ५ तास, ९५ ला जेमतेम सव्वा तास. त्यात मेटलचं रेकॉर्डिंग दाबून सपाट केलेलं असतं, कानाला उसंत देणारा आलाप त्यात नसतो. गेलेल्या केसपेशी परत येत नाहीत. म्हणून प्रवासात ऐकणार असाल तर घट्ट बसणारे इन-इअर किंवा क्लोज्ड-बॅकच घ्या, भले ते स्वस्तातले असोत.

दुकानात जाताना स्वतःची गाणी न्या. डेमोला लावतात ती संथ जॅझ गाणी कशावरही छानच वाजतात. भयानक मौत किंवा डेमॉनिक रेझरेक्शन या आपल्या मुंबईच्या बँडची गाणी लावा, आवाज मध्यम ठेवा आणि फक्त बास गिटारचा माग काढा. मग अर्धा तास हेडफोन काढू नका.