७० लाखांची गाडी ऑईल गाळतेय आणि सर्व्हिस सेंटर म्हणतंय 'वॉरंटीत बसत नाही', मग करायचं काय?

पुण्यात महागडी गाडी दिसली म्हणून वळून बघायचे दिवस आता गेले. बाणेर, कोरेगाव पार्क सोडाच, सिंहगड रोडच्या सोसायटीतही ॲक्टिवांच्या रांगेशेजारी एखादी बीएमडब्ल्यू निवांत उभी असते. मर्सिडीज तर आपल्या घरचीच. १९९५ च्या सुमारास तिची ई-क्लास पिंपरीत टेल्कोच्या आवारात जोडली जायला लागली, पुढे कंपनीने चाकणला स्वतःचा कारखाना टाकला. २०२४ पासून रेंज रोव्हरही पुण्यात जोडली जातेय.

पण गाडी इथं बनते म्हणून ती इथं स्वस्तात दुरुस्त होते असं नाही. या गाड्या घेणाऱ्यांना चार-पाच वर्षांनी जी डोकेदुखी हमखास भेटते ती म्हणजे इंजिन ऑईलची गळती. गळतं एखादं रबरी सील आणि एस्टिमेट येतं लाखाच्या घरात. मग मालक म्हणतो, मला लुटतायत. काही वेळा ते खरंही असतं, पण कायम नाही.

मर्सिडीजचंच उदाहरण घ्या. कंपनीचं ३ लिटरचं व्ही-६ डिझेल इंजिन आहे, ओएम ६४२ नावाचं. आपल्याकडे ई ३५०, एमएल ३५०, जीएल ३५० या डिझेल गाड्यांमध्ये ते यायचं. इंजिन दणकट, त्यात वाद नाही. पण त्याचा ऑईल कूलर बसवलाय इंजिनच्या दोन बाजूंच्या मधल्या खोबणीत, आणि त्याची सील उष्णतेने कडक होऊन गळायला लागतात. सील स्वस्त असतात, पण तिथवर हात पोचायला टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्ड उतरवावा लागतो. म्हणजे बिल पार्टचं नसतंच, ते मजुरीचं असतं. त्यामुळे एस्टिमेट हातात आलं की आधी पार्ट किती आणि लेबर किती हे वेगळं करून मागा. आणि इंजिन तेवढं उघडणारच असेल तर आजूबाजूची जुनी गॅस्केटं त्याच वेळी बदलून घ्या, नाहीतर वर्षभरात तीच मजुरी पुन्हा भराल.

बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह कव्हरचं आणि ऑईल फिल्टर हाऊसिंगचं गॅस्केट गळतं. यातलं दुसरं जास्त त्रासाचं, कारण काही इंजिनांत ते ऑईल खाली बेल्टवर पडतं आणि तेलकट झालेला बेल्ट घसरून निघू शकतो. व्हॉल्व्ह कव्हरमधून गळलेलं ऑईल गरम एक्झॉस्टवर पडलं की जळका वास येतो. सिग्नलला थांबल्यावर एसीतून तसा वास येत असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट बघू नका.

'गाडी फक्त २५ हजार किलोमीटर चाललीये, गॅस्केट कसं जाईल?' हा प्रश्न नेहमीचा. पण रबर आणि प्लास्टिक किलोमीटर मोजत नाहीत. टर्बो इंजिनची उष्णता, ट्रॅफिकमध्ये तासभर रांगणं आणि नुसतं वय, एवढं त्यांना पुरतं.

या गाड्यांमध्ये आणखी एक घोळ आहे. इंजिनच्या खाली मोठं प्लास्टिकचं कव्हर असतं. गळलेलं ऑईल त्यावर साठतं आणि पार्किंगच्या फरशीवर एक थेंबही पडत नाही. बऱ्याच नव्या बीएमडब्ल्यूंना तर डिपस्टिकच नाही, ऑईलची पातळी स्क्रीनवर बघायची. गळती कळते तेव्हा ती जुनी झालेली असते. म्हणून वॉरंटी संपायच्या दीड-दोन महिने आधी गाडी लिफ्टवर चढवून, ते कव्हर काढून, खालून नीट बघून घ्या. ज्या काही गळत्या दिसतील त्या जॉब कार्डवर लिहून घ्यायच्या. वॉरंटीच्या काळात नोंदवलेली तक्रार आणि वॉरंटी संपल्यावर आठवड्याने नोंदवलेली तक्रार, यात लाखभराचा फरक पडू शकतो.

आता मुद्दा वॉरंटीचा. नव्या लक्झरी गाडीवर कंपनीची वॉरंटी ब्रँडनुसार साधारण २ ते ३ वर्षांची असते. मटेरियल किंवा बनावटीतल्या दोषामुळे सील गळलं तर ते यात बसायला हवं. सर्व्हिस सेंटरचं पहिलं उत्तर मात्र ठरलेलं, 'सर, ही गळती नाही, सीपेज आहे, नॉर्मल आहे.' सीपेज म्हणजे पाझर. गॅस्केटच्या कडेला ओलसरपणा येतो पण थेंब पडत नाही, त्याला पाझर म्हणतात आणि तेवढ्यासाठी इंजिन उघडत नाहीत हे खरं. पण थेंब जमून खाली पडत असतील तर ती गळतीच. वाद घालत बसण्यापेक्षा तो भाग साफ करून घ्या, फोटो काढा, ५०० किलोमीटर चालवून पुन्हा दाखवा. ऑईलमध्ये रंगद्रव्य टाकून अतिनील दिव्याखाली गळतीचं मूळ शोधता येतं, ती टेस्ट लेखी मागा.

ऑईल गळत नाही पण कमी होतंय, हे प्रकरण वेगळं. तिथं कंपनी ओनर्स मॅन्युअल दाखवते. काही जर्मन गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये १००० किलोमीटरला अर्धा लिटर किंवा त्याहूनही थोडं जास्त ऑईल खाल्लं तरी ते मर्यादेत धरलेलं असतं. आपला आकडा त्यापुढे आहे हे दाखवायला प्रत्येक टॉप-अपची तारीख, किलोमीटर आणि लिटर यांची नोंद लागते.

एक्स्टेंडेड वॉरंटीचा कागद तर चष्मा लावून वाचा. ती नेहमीच कंपनीची नसते, मागे विमा कंपनी किंवा तिसरीच कोणी असू शकते. काही करारांत इंजिनचे आतले भाग कव्हर असतात, पण गॅस्केट, सील, होस हे 'झीज' म्हणून वगळलेले असतात. विकणारा 'सगळं कव्हर आहे सर' असं म्हणाला तर वगळलेल्या पार्टची यादी ईमेलवर मागवा.

आणि ऑईल खालचा संप फुटल्यामुळे गळत असेल तर वॉरंटी विसरा. स्पीड ब्रेकरची प्रमाण उंची १० सेंटीमीटर, हे इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ सालीच लिहून ठेवलंय. आपल्या गल्लीतले ब्रेकर बनवणाऱ्याने ते वाचलं असेल असं वाटत नाही. खालून आदळून संप फुटला तर तो अपघात, म्हणजे विषय विम्याचा. इथं एक चूक फार महागात पडते. ऑईलचा लाल दिवा लागला तरी 'घरापर्यंत तर जाऊ' म्हणून गाडी चालवली आणि इंजिन जाम झालं, की विमा कंपनी संपचे पैसे देते आणि इंजिनचं नुकसान नाकारते. झिरो डेप असलं तरी. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन वेगळं घ्यावं लागतं, आणि त्यालाही अटी असतातच. लाल दिवा दिसला की इंजिन बंद, टोइंगला फोन.

वॉरंटी संपली असेल तर 'गुडविल' हा शब्द लक्षात ठेवा. सगळी सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणी झाली असेल आणि वॉरंटी संपून फार दिवस झाले नसतील, तर डीलर कंपनीकडे खर्चातला काही वाटा उचलण्याची विनंती पाठवू शकतो. हा हक्क नाही आणि स्वतःहून कोणी सांगत नाही, मागावं लागतं.

बाहेरच्या गॅरेजला गाडी दाखवली की वॉरंटी गेली, ही भीतीही पूर्ण खरी नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून साधारण २,५४५ कोटींचा दंड ठोठावला, त्यात बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजही होत्या. बाहेर काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असं त्या आदेशात होतं. प्रकरण पुढे अपिलात गेलं, त्यामुळे फक्त त्या कागदावर विसंबून वॉरंटीतली गाडी बाहेर उघडायला देऊ नका. तपासणी करून दुसरं मत घेणं मात्र केव्हाही चांगलं.

एवढं करूनही कोणी ऐकत नसेल तर ग्राहक आयोग. ग्राहक चळवळ पुणेकरांना नवी नाही, बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत इथंच सुरू केली. आता २०१९ चा कायदा आहे आणि त्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय. तक्रार फक्त फसलेल्या रिपेअरिंगची असेल तर त्या बिलाची रक्कम हाच मोबदला असं मांडता येतं, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य आहे. मुदत २ वर्षांची.

गाडी कंपनीच्या नावावर असेल तर? यावर सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये निकाल दिलाय, तोही मर्सिडीजच्या प्रकरणात. एका कंपनीने संचालकांसाठी मर्सिडीज घेतली, ती आतून अति तापायची. कंपनी म्हणजे ग्राहकच नाही, असा गाडी बनवणाऱ्यांचा युक्तिवाद होता. गाडी संचालकाच्या वैयक्तिक वापराला असेल तर तो व्यापारी वापर होत नाही, असं म्हणत कोर्टाने तो फेटाळला.

पण थेट 'नवी गाडी द्या' अशी मागणी करताना जरा थांबा. वॉरंटीत पार्ट बदलून देण्याचंच वचन असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, असं सुप्रीम कोर्ट २००६ मध्ये मारुतीच्या एका खटल्यात म्हणालंय. उत्पादनातला दोष सिद्ध करायची जबाबदारीही मुख्यतः तक्रारदारावर येते, तिथं तज्ज्ञाचा अहवाल लागतो. आयोगाला गाडी तपासणीसाठी योग्य प्रयोगशाळेकडे पाठवता येते, तसा अर्ज सुरुवातीलाच करा. गळती तीन-चारदा दुरुस्त करूनही परत येत असेल तर ते तीन-चार जॉब कार्ड हाच तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा. म्हणून कार्डवर सल्लागाराने लिहिलेलं 'जनरल चेकअप' खोडून तुमचे शब्द लिहायला लावा, 'इंजिनच्या डाव्या बाजूने ऑईल गळते, दुसरी वेळ.'

वेळ किती लागेल? हैदराबादच्या एका कंपनीने सप्टेंबर २००९ मध्ये घेतलेली बीएमडब्ल्यू चारच दिवसांत बिघडली. ते प्रकरण फौजदारी तक्रारीच्या वाटेने गेलं आणि जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बीएमडब्ल्यूला ५० लाख द्यायला सांगून ते संपवलं. जवळपास १५ वर्षं. त्यामुळे आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा, तिथून ती कंपनीकडे जाते आणि बरीच प्रकरणं तिथंच मिटू शकतात. नाही मिटलं तर ई-जागृती पोर्टलवरून आयोगात तक्रार घरबसल्या दाखल होते, वकील लावायची सक्ती नाही.