दारातला अलार्म वाजला म्हणजे तुम्ही चोर ठरत नाही

उरणपर्यंतची लोकल १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाली आणि द्रोणागिरीतून सीवूड्सच्या मॉलला जाणं सोपं झालं. अशा मोठ्या दुकानांतून निघताना दारातल्या दोन खांबांमधून जावं लागतं. तिथे टीं-टीं वाजलं की भल्याभल्यांना घाम फुटतो.

पण हे खांब चोर ओळखत नाहीत, टॅग ओळखतात. कपड्यांवरचा प्लास्टिकचा बिल्ला काउंटरवर चुंबकाने काढतात. शाम्पू, डिओवरचा पातळ स्टिकर बिल करताना एका पॅडवर ठेवून निकामी करतात. गर्दीत कॅशियर विसरला की पैसे भरलेली वस्तूसुद्धा बोंब मारते. कधी आधीच्या दुकानातला टॅग पिशवीत राहिलेला असतो, तोही वाजतो.

अशा वेळी पळू नका. थांबा, बिल दाखवा. बिल आणि सामान ताडून पाहायला हरकत नाही. मात्र सिक्युरिटी गार्ड म्हणजे पोलीस नव्हे. तुमच्या संमतीशिवाय पर्स उपसायचा किंवा अंगाची झडती घ्यायचा अधिकार त्याला नाही. नुसत्या अलार्मवरून खोलीत कोंडून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ आणि १२७ खाली गुन्हा ठरू शकतो. ‘दहापट दंड भरा, नाहीतर पोलीस बोलावतो’ ही धमकी तर चालतच नाही. दंड कोर्ट करतं, दुकान नाही. संशय असेल तर त्यांनी ११२ ला फोन करावा. तुम्हीही करू शकता.

आत जाताना पिशवी जमा करून टोकन देतात. वर पाटी असते, ‘सामान स्वतःच्या जबाबदारीवर’. ही पाटी लावली म्हणजे दुकान सुटलं असं नाही. दिल्लीत हॉटेलच्या ताब्यात दिलेली गाडी चोरीला गेली होती. त्या प्रकरणात अशी सूचना दाखवून निष्काळजीपणाची जबाबदारी झटकता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं. पैसे, मोबाईल, दागिने मात्र पिशवीत ठेवूच नका.

खरेदी केली असेल आणि त्रास झाला, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथे भागलं नाही तर अलिबागचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. बिल, टोकन जपून ठेवा. सीसीटीव्हीचं फुटेज राखून ठेवा, असं मॅनेजरला त्याच दिवशी लेखी द्या, कारण जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं.