हीटरआधी थर्मोस्टॅट घ्या

बिअर्डेड ड्रॅगनसाठी हीटर घ्यायला निघालेला माणूस आधी वॅट विचारतो. माझ्या मते आधी थर्मोस्टॅट ठरवावा, वॅट नंतर. हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला सरडा. त्याला ऊन खायच्या जागी साधारण ४० अंश सेल्सिअस आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाला पंचविशीच्या आसपास तापमान लागतं, कारण शरीराची ऊब तो जागा बदलूनच सांभाळतो. त्यामुळे सगळी पेटी सारखीच तापवणारं उपकरण कितीही दमदार असलं तरी कुचकामी. उष्णता वरून आणि एकाच टोकाला हवी. तापणारे कृत्रिम दगड तर घेऊच नयेत. 'चटका बसला की उठेलच ना' असं म्हणतात, पण पोट भाजेपर्यंत त्यावर बसून राहिलेले सरडे पशुवैद्यकांना नवे नाहीत.

'आपल्याकडे एवढं ऊन, हीटर कशाला?' मुंबईतल्या रात्रीपुरता हा प्रश्न रास्त आहे. पण पुणे-नाशिकला जानेवारीत पहाटेचा पारा कधी कधी दहाच्याही खाली उतरतो, आणि तोच हीटर मे महिन्यात थर्मोस्टॅटशिवाय पेटीची भट्टी करतो. रात्री लाल बल्ब नको, तो उजेड सरड्यांना दिसतो. सिरॅमिक हीटर चालेल, मात्र होल्डरही सिरॅमिकचाच हवा (प्लॅस्टिकचा वितळतो) आणि भोवती जाळी हवी. थर्मोस्टॅटचा सेन्सर पक्का बांधा. तो निसटून थंड कोपऱ्यात पडला, तर हीटर बंदच होत नाही. म्हणून वेगळा डिजिटल थर्मामीटर लावा आणि तो रोज बघा.