तंद्री म्हणजे झोप नव्हे

परवा नातीच्या शाळेतून निरोप आला, की मुलगी वर्गात पेंगते, तिला रात्री वेळेवर निजवत जा. आमच्या घरी नऊ वाजले की पोरांची निजानीज झालेली असते. तेव्हा हे काय प्रकरण, म्हणून सूनबाईंनी पोरीला जरा दरडावूनच विचारले. गणिताच्या तासाला ती खिडकीबाहेर सुगरणीचे घरटे विणणे पाहत बसली होती. बाईंनी दोनदा हाक मारली, ती हिला ऐकूच गेली नाही. मग बाई रागावल्या, तेव्हा पोरीने खरे तेच सांगितले, "मेरी तंद्री लग गई थी."

बाईंच्या कानांनी 'तंद्रा' ऐकली, आणि हिंदीत तंद्रा म्हणजे डुलकी. झाले!

बाईंना दोष देता येणार नाही. संस्कृतात तंद्रा म्हणजे आळस, ग्लानी, झोपेची गुंगी. आयुर्वेदात जडपणा आणि जांभया यांच्याबरोबर तिची गणना होते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण स्वतःच्या कर्माविषयी 'अतंद्रित' हा शब्द वापरतात, तोही 'आळस न करता' अशाच अर्थाने. हिंदीने तो जुना अर्थ सांभाळला. मराठीतही ती छटा अगदी पुसली गेली नाही. पण आपल्या घरांत रोज बोलली जाते ती तंद्री निराळी. मन एका ठिकाणी असे जडते, की बाकीचे जग काही काळ नाहीसे होते. ही तंद्री कोणी 'करीत' नाही. ती भुकेसारखी, उचकीसारखी आपोआप 'लागते', आणि कोणी हाक मारली की 'भंगते'.

मौज अशी, की मराठीने हा खेळ एकाच शब्दाशी केलेला नाही. फारसीत 'गुंग' म्हणजे मुका. हिंदीतला गूँगा त्याचाच सोयरा. आपण मात्र वाचनात गुंग होतो. 'दंग' म्हणजे थक्क; हिंदी माणूस दंग रह जाता है, आपली पोरे खेळात दंग असतात. मुकेपणा, आश्चर्य, पेंग अशा तीन वाटांनी आलेले शब्द मराठीने एकाच मुक्कामी आणून बसविले. औषधाने येते ती मात्र गुंगी. तिला कोणी तंद्री म्हणत नाही.

हा भेद आम्हा इंदूरकरांना गाण्याच्या बैठकीत सहज पटावा. उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) याच शहरात वाढले. त्यांचा झूमऱ्यातला अतिविलंबित ख्याल ऐकताना मी डोळे मिटून बसतो. पाहणाऱ्याला वाटावे, म्हाताऱ्याला झोप लागली. पण चौदा मात्रांचे ते लांबलचक आवर्तन संपून सम आली, की मान आपोआप हलते. झोपलेल्याला सम कशी सापडेल?

बाईंना हिंदीत चिठ्ठी लिहावयास बसलो, आणि तेथे अडलो. 'ध्यानमग्न' लिहावे तर आठ वर्षांच्या पोरीला एकदम ऋषिपद मिळते. 'सोच में डूबी थी' म्हणावे तर ती कसला विचार करीत नव्हती, नुसती पाहत होती. अखेर 'घोंसला देखने में खो गई थी' असे लिहिले. बाई समजूतदार, दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या वर्गालाच खिडकीपाशी नेऊन ते घरटे दाखविले.

पण मला खरी चुटपुट लागली ती सूनबाईंच्या प्रश्नाने. त्या मराठीच, याच गावच्या; तरी निरोप वाचून त्यांनीही पोरीला प्रथम हेच विचारले, "झोप येते का गं वर्गात?" आपल्या घरांतही शब्दांचे अर्थ असे हळूच पालटतात. म्हणून नातीला एवढेच सांगितले, "शाळेत 'खो गई थी' म्हण, बाळ. घरी मात्र तंद्रीच म्हणत जा."