गोडेतेलावर चालणारा दिवा

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेला महापूर आला, तेव्हा कोल्हापूरच्या सखल वस्त्यांत व शिरोळ तालुक्यातील अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. मोबाईलची बॅटरी दुसऱ्या दिवशी संपते. रेशनचे रॉकेलही आता पूर्वीसारखे मिळत नाही. गोडेतेल मात्र घरोघरी असते. म्हणून काही जण जुन्या कंदिलात तेच ओततात आणि थोड्याच वेळात कंदील विझतो. दोष तेलाचा नसून दिव्याच्या घडणीचा आहे.

रॉकेल पातळ असल्याने वातीतून चार-पाच बोटे सहज वर चढते. शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल त्याहून वीस-तीस पट घट्ट असते. ज्योतीपर्यंत ते पुरेसे पोचत नाही, मग वातच जळू लागते. आपली समई पाहा. ती कितीही उंच असली तरी तेल वरच्या वाटीत, ज्योतीच्या लगत असते. युरोपातही हीच अडचण होती. पॅरिसच्या कार्सेल या कारागिराने १८०० साली घड्याळासारखी चावी देऊन तेल वर चढवणारा दिवा केला.

आपल्याला एवढा खटाटोप नको. काचेच्या रुंद पेल्यात निम्मे पाणी व त्यावर दोन बोटे तेल घ्यावे. बुचाच्या चकतीवर पातळ पत्रा ठेवून दोन्हींना भोक पाडावे, सुती वात ओवावी व चकती तेलावर सोडावी. वात पत्र्याच्या किंचित वर असावी आणि खाली पाण्याला टेकू नये. तेल घटते तशी चकतीही खाली उतरते, त्यामुळे ज्योत व तेल यांतील अंतर कायम राहते.

खाद्यतेलाची वाफ सुमारे ३०० अंशांवर पेट घेते, त्यामुळे रॉकेलसारखा भडका होत नाही. तरीही तेलाने भिजलेले कापड पेटते. दिवा मच्छरदाणीजवळ ठेवू नये, झोपताना विझवावा.

विद्यार्थी मित्रांनो, एका ज्योतीचा उजेड मेणबत्तीहून थोडा कमीच पडतो. वाचताना दोन-तीन दिवे जवळ मांडून मागे स्टीलचे ताट उभे करावे. चकत्या व वाती मात्र पावसाळ्यापूर्वीच करून ठेवाव्यात. पाणी दारात आल्यावर बूच शोधायला सवड नसते, आणि परीक्षा काही पुरासाठी थांबत नाही.