शून्य ते एक : संभाव्यतेची मर्यादा

'कदाचित्', 'बहुधा', 'खात्रीनें' हे शब्द आपण नित्य योजतों. परंतु त्यांत भरंवसा किती, हें शब्दांनीं नेमकें सांगतां येत नाहीं. गणितशास्त्र तें अंकानें सांगतें. त्या अंकास संभाव्यता म्हणतात.

सापशिडीचा फांसा घ्या. त्याच्या सहाही बाजू पडण्याचा संभव सारखाच असेल, तर एकूण शक्यता ६ व 'सहा' पडण्यास अनुकूल शक्यता १. म्हणून संभाव्यता १/६. 'सात' पडण्यास अनुकूल शक्यता एकही नाहीं. तेव्हां संभाव्यता ०. साताहून लहान अंक तर पडणारच. त्याची संभाव्यता ६/६, म्हणजे १. अनुकूल शक्यता शून्याहून कमी किंवा एकूण शक्यतांहून अधिक असणें संभवत नाहीं. यास्तव संभाव्यता शून्याच्या खालीं अगर एकाच्या वर कधींच जात नाहीं.

ही मर्यादा केवळ पाठ करावयाची नसून तिचा पहाऱ्यासारखा उपयोग होतो. पुष्कळांस वाटतें कीं, एका वेळीं संभाव्यता १/६, तर सहा वेळां फांसा टाकल्यास ६ × १/६ = १; म्हणजे 'सहा' पडलाच पाहिजे! मग सात वेळां टाकल्यास ७/६ होईल काय? खात्रीहून अधिक खात्री कोठें असते? उत्तरानें मर्यादा ओलांडली, तेव्हां रीत चुकली हें निश्चित.

चूक कोठें, तें पाहूं. दोन वेळां फांसा टाकल्यास एकूण जोड्या ३६. पहिल्यांदा 'सहा' येणाऱ्या ६, दुसऱ्यांदा येणाऱ्याही ६. परंतु दोन्ही वेळां 'सहा' असलेली जोडी दोनदां मोजली गेली. म्हणून अनुकूल जोड्या १२ नसून ११ होत.

याहून सोपी रीत उलट बाजूनें जाण्याची. एका वेळीं 'सहा' न पडण्याची संभाव्यता ५/६. सहाही वेळां न पडण्याची ५/६ चा सहावा घात, म्हणजे सुमारें ०.३३५. ती १ मधून वजा केली असतां सुमारें ०.६६५ उरते. म्हणजे सहा वेळां टाकूनही सरासरी तीन खेपांपैकीं एका खेपेस 'सहा' मुळींच दिसत नाहीं. फांसा कितीही वेळां टाका, ही संख्या एकाच्या जवळ जाते, परंतु एकास पोंचत नाहीं.

जुगाराच्या प्रश्नांवरूनच १६५४ सालीं फ्रान्समध्यें पास्काल व फर्मा या विद्वानांचा प्रसिद्ध पत्रव्यवहार झाला. पुढें १९३३ सालीं रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह यांनीं या शास्त्राचे मूळ नियम मांडले : संभाव्यता ऋण नसते, आणि सर्व शक्यता मिळून ती १ होते.

'इतक्या वेळां आलें नाहीं, आतां आलेंच पाहिजे' या समजुतीवर जुगारी घरदार घालवतो. फांशाला मागची आठवण नसते. विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, उत्तर काढल्यावर तें शून्य व एक यांच्या कुंपणांत आहे ना, हें आधीं पाहावें. कुंपणांत असलेलें उत्तर बरोबर असेलच असें नाहीं. कुंपणाबाहेरचें मात्र चुकलेलेंच समजावें.