फूटपट्टीने मोजा सायकलची चेन

गिअरच्या सायकलीचा विषय निघाला की मुलं आधी वजन विचारतात. डांबरी रस्त्यावर स्प्रिंगचा चिमटा म्हणजे फुकटचं वजन, हे खरंच. पण त्याआधी चेन बघा.

चेनच्या दोन पिनांमध्ये अर्धा इंच अंतर असतं. म्हणजे २४ कड्या बरोबर १२ इंच. मुलांनाच फूटपट्टी लावू द्या. शेवटची पिन १/१६ इंच पुढे सरकली, तर चेन बदला. १/८ इंच सरकली, तर फ्रीव्हीलचे दातेही झिजलेले असतात. त्यांच्यावर नवी चेनही घसरते.

आपली काळी माती तेलात मिसळली की पॉलिश पेपरसारखी घासते. म्हणून फडक्याने पुसा, थेंब थेंब तेल सोडा, जास्तीचं पुन्हा पुसा.

नशिराबादला महामार्ग ओलांडताना चेन घसरली, तर हलकी सायकल काय कामाची? अपूर्णांकांचा हा पाठ सायकलीवरच घ्या.